मास्तरांचा डावा हात

मास्तरांना मी जित्तेपणी कधी बघितलं न्हाई, तरी मी त्यांचाच चेला हाय. तलवाड्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. गेले तेव्हा मागं एकच तैलचित्र राहिलं, त्यांनी स्वतःच काढलेलं स्वतःचं. डोक्याला टोपी, डाव्या हातात ब्रश, आन् नजर अशी की समोरच्याला वाटावं, आपलं काय चुकलं?

आमच्या घरात सगळे मेंढ्यांमागं हिंडणारे. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, फ्लेक्स आला आन् तेबी काम गेलं. माणसाचं तोंड तैलरंगात काढता यावं, येवढा एकच नाद होता, पण शिकवायला कुणी न्हाई. मास्तरांच्या कारभारीण, कडूबाई काकू, म्हणाल्या, दिवाळीनंतर हे चित्र लेक पुण्याला नेणार हाय. तू अस्सं दुसरं काढून दे, काढता काढता शिकशील. मी लगेच हो म्हणालो.

पहिल्याच दिवशी ठरवलं, मास्तर डावखुरे, तर आपण बी डाव्या हातानंच काढायचं. आता डाव्या हातानं मी कधी काडी सुद्धा पेटवलेली न्हाई! नाक वाकडं, डोळे दोन दिशेला. काढायचं, पुसायचं, परत काढायचं. काकूंच्या घरभर जवसाच्या तेलाचा वास. दिवाळी तोंडावर आली आन् मी रडकुंडीला आलतो.

काकू शेजारी वाती वळत बसायच्या. शेवटी त्यांना राहवलं न्हाई.

"डाव्या हातानं कावून करायलास रे अंगदा?"

मी म्हणालो, मास्तर डाव्या हातानं काढायचे म्हणून.

"कुणी सांगितलं? उजव्या हातानं काढायचे ते."

मी चित्राकडं बघितलं. ब्रश डाव्याच हातात. काकू खोटं बोलणाऱ्या न्हाईत, आन् चित्र तर समोर हाय. मग काकू हळू आवाजात सांगायला लागल्या. मास्तरांच्या उजव्या गालावर बैलाच्या शिंगाची खूण होती, चित्रात ती डाव्या गालावर आलीय. पण चित्र पुरं झाल्यावर मास्तर इतके खुशीत होते की काकूंना सांगायचा धीर झाला न्हाई. तवापासून त्यांना ह्या चित्रात नवरा दिसलाच न्हाई, त्याचा कुणी चुलत भाऊ बसलाय असं वाटायचं. फोटो म्हणावा तर आधार कार्डावरचा, त्यात मास्तर चोरासारखे दिसतात. आता माणूस गेलं, आन् उरलेलं तोंड बी त्यांचं न्हाई, असं म्हणून काकू रडल्या.

मला काही सुधरंना. चित्रासारखं काढावं तर काकूंचं माणूस येईना, माणसासारखं काढावं तर मास्तरांचं चित्र मोडतंय. ब्रश उजव्या हातात घेतला तसा हात मात्र सरळ चालायला लागला. दुसरं काही सुचलं न्हाई म्हणून मूळ चित्रात होतं तसंच पुरं केलं.

लेक गाडी घेऊन आला आन् मूळ चित्र घेऊन गेला. माझं अजून ओलं होतं. धूळ बसू नये म्हणून तोंड बाहेर करून दोन्ही हातांनी धरलं आन् आतल्या खोलीत नेलं. तिथं आरशाच्या दाराचं कपाट हाय. आरशात नजर गेली आन् जागीच थांबलो. खूण उजव्या गालावर, ब्रश उजव्या हातात. मास्तर ह्याच आरशात बघून स्वतःला काढत असणार, आन् मी येडा डावा हात घासत बसलतो.

मागून काकू आल्या. त्यांनी आरशात बघितलं आन् चटकन डोक्यावर पदर घेतला.

"आत्ता आले," त्या म्हणाल्या.

चित्र त्यांनी भिंतीला टांगू दिलं न्हाई. खुर्चीवर आरशाकडं तोंड करून ठेवलंय. मास्तरांनी आमच्याकडं पाठ कावून केली, असं लोक विचारतात. मी मास्तरांचं चित्र काढलं का आरशाचं, हे मला अजून उमगलं न्हाई. काकूंना असला घोळ न्हाई. कपाट उघडायचं झालं, की त्या दाराला हात लावायच्या आधी आरशात बघून म्हणतात, "अवो, जरा थांबा हं," आन् मग दार उघडतात.