भोंग्यावरची पेन्शन

कारंज्याजवळ हायवेवर आमच्या हेमराजशेठचा ढाबा आहे, आणि शेठच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यात त्यांच्या हातात माईक. कुणाची शेवभाजी तयार, कुणाची चावी टेबलावर राहिली, सगळं भोंग्यावर. वेटरचं लग्न ठरलं, तेही आम्हाला भोंग्यावरूनच कळलं.

यंदा शेठनी आम्हा सगळ्यांची पेन्शनची खाती उघडली. पगारातून थोडे आमचे, तितकेच त्यांचे. मी शकुबाई, तव्यावर पोळ्या टाकणारी, आणि मला पेन्शन! त्या दिवशी आनंदाच्या भरात मी पोळ्या करपवल्या. घरी मात्र मुद्दाम बोलले नाही. माझा आदेश ट्रकवर ड्रायव्हर आहे. पोरगं लाघवी, ‘आई’ म्हणून जवळ आलं की मला नाही म्हणवत नाही. माझे चांदीचे गोट असेच त्याच्या मोटारसायकलीत गेले. एवढी पेन्शन तरी म्हातारपणाला राहावी, असं वाटायचं.

परवा आदेश ढाब्यावर जेवत होता. शेठचा फोन वाजला. त्यांनी चष्मा चढवला, आलेला निरोप वाचला, माईक ओढला.

“सुनो भाई लोक, आपल्या शकुबाईच्या पेन्शनमंदी...”

आमची सिमकार्डं सारखी बदलतात, म्हणून या भल्या माणसाने सगळ्यांच्या खात्यांना स्वतःचाच नंबर दिला होता. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, चिमटा टाकून मी धावले आणि भोंग्याची वायर उपटली.

“काऊन वो शकुबाई?” शेठ गडबडले. “मी तं अभिनंदन करून राह्यलो होतो.”

“माह्या म्हातारपणाचा पैसा हाय, शेठ. त्याचा निरोप माह्याच फोनवर येऊ द्या.”

शेठ ओशाळले. दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन त्यांनी सगळ्यांचे नंबर बदलून आणले.

पण आदेशने ऐकलं होतंच. आज जेवता जेवता त्याने लाडात विचारलं, “आई, किती जमले वं पेन्शनमंदी? नवे टायर घेतले असते.”

तेवढ्यात पदराखाली माझा फोन थरथरला. खात्यात किती जमा आहे त्याचा निरोप आला होता, थेट मला. फोन मी पदरातच घट्ट धरला.

“ते मी तुले सांगत नाई,” मी म्हटलं. “अन् देतही नाई.”

आदेश हसला. त्याने ताट पुढे केलं. मी त्याला तूप लावून पोळी वाढली.