दोरी ओढताना पाय कुठे होता

माझा मेव्हणा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा, पण इतका संथ की लग्नानंतर महिन्याभरातच मी त्याचं नाव निवांतराव ठेवलं. आमची ताटं धुऊन होतात तेव्हा हा ताक ओतून घेत असतो. चष्मा पुसायला घेतला की वाटतं, आता काचेला भोक पडणार. मी झाडं कापणारा माणूस, वीस वर्षं हाच धंदा. काम करताना रेंगाळणारा माणूस मला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर काम नसतानाही चालत नाही. त्यामुळे चारचौघांत त्याची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग होता. तो बिचारा हसायचा. तेही उशिरा.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरामागे एक जुनी निलगिरी होती. बुंध्याला वाळवी लागली होती आणि ती हळूहळू घराकडे कलायला लागली होती. ती काढायचं मी अंगावर घेतलं. शेंड्याजवळ दोर बांधला, तो मागच्या मोकळ्या जागेपलीकडच्या दणकट झाडाला ताणून बांधला, म्हणजे निलगिरी घरावर न येता तिकडे पडावी. सासूबाईंना शेजारी पाठवताना फुशारकीनं म्हणालोही, "आई, या दोराला हत्ती बांधा. तुटणार नाही."

मोकळ्या जागेच्या बाजूनं खोडात खाच घेतली. मग घराच्या बाजूनं कापत आलो. निम्म्याच्या पुढे गेल्यावर पाचर ठोकायला म्हणून करवत बंद केली. करवत म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारं मशीन. पाचर ठोकली, पुन्हा सुरू करायला मशीनची दोरी ओढली, आणि ते सुरूच होईना.

दहा वेळा ओढली. वीस वेळा ओढली. चोक लावून, चोक काढून. पेट्रोलचा वास सुटला, म्हणजे आत पेट्रोल तुंबलं. प्लग काढला, पुसला, मशीन एका ओंडक्यावर आडवं टाकून ठिणगी बघितली. ठिणगी झकास, निळी. प्लग बसवला, ओढलं, काही नाही. टाकीतलं पेट्रोल बदललं. हवेचा फिल्टर काढून झटकला. पुन्हा ठिणगी बघितली, पुन्हा निळी. पेट्रोल आहे, हवा आहे, ठिणगी आहे, मग घोडं पेंड खातंय कुठे? माझा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता आणि तोंडात शिव्या संपल्या होत्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई परत आल्या होत्या. करवतीचा आवाज थांबला म्हणजे झाड पडलं असणार, असं समजून पुढच्या दारानं आत येऊन त्या कांदे चिरत बसल्या होत्या. अर्धं कापलेलं झाड त्यांच्या डोक्यावर, आणि मघापासून वारा सुटला होता. तोही मोकळ्या जागेकडून, घराच्या दिशेनं.

मी खिडकीशी धावलो. "आई, बाहेर या! झाड अजून उभं आहे!"

त्यांनी मान वाकवून वर बघितलं. "दिसतंय. मशीनला काय झालं?"

"सुरू होत नाहीये. तुम्ही आधी बाहेर या बघू."

"मी बाहेर आले की तुम्ही काय करणार?"

"उरलेलं हातकरवतीनं कापतो."

"वाटलंच मला." त्यांनी सुरी खाली ठेवली. "वाळवी लागलेलं झाड. अर्धं कापलेलं. वारा सुटलेला. आणि त्याखाली उभं राहून तुम्ही तासभर करवत ओढणार. ते मध्येच फाटलं तर माझ्या लेकीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मी आत आहे तोवर तुम्ही हातकरवतीला हात लावायचा नाही, जावईबापू. दोराला हत्ती बांधता येतो ना? मग म्हातारी बसेल." आणि त्यांनी आतून कडी लावलेलं दार मला बोटानं दाखवलं.

मी हात टेकले. मागे वळून बघतो तर अंगणात उभ्या बायकोनं नुकताच फोन खाली ठेवला होता.

"कुणाला केलास?"

"दादाला."

माझं पित्तच खवळलं. "निवांतरावाला? अगं, तो सुयांचा माणूस! आणि तो येईपर्यंत हे झाड म्हातारं होऊन आपसूक पडेल!"

"तुम्हाला जमतंय का?" तिनं विचारलं. एवढंच विचारलं, पण ते पुरलं.

पंधरा मिनिटांत तो आला. सायकल भिंतीला लावली. ती घसरते म्हणून पुन्हा नीट लावली. हातात त्याची चपटी डबी. त्यानं झाड बघितलं, दोर बघितला, खिडकी बघितली. खिडकीत आई दिसल्यावर क्षणभर थबकला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाजी, सुरू करून दाखवा."

"अरे, सुरू होत नाही म्हणून तर तुला बोलावलंय!"

"हो. ते कसं होत नाही, ते दाखवा."

मी मशीन जमिनीवर ठेवलं, साखळीचा ब्रेक लावला, मागच्या मुठीत बूट घालून ती दाबली, डाव्या हातानं पुढची मूठ धरली आणि दोरी ओढली. काही नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा ओढली. वर निलगिरी करकरली.

"अजून एकदा. जरा सावकाश."

सावकाश! मला वाटलं, आता करवत याच्याच डोक्यात घालावी. पण बायको बघत होती, सासूबाई खिडकीतून बघत होत्या. ओढली.

"ठिणगी बघितलीत?"

"दोनदा. निळीशार आहे."

"तीही दाखवा."

मी प्लग काढला, वायरीच्या टोपीत अडकवला, मशीन ओंडक्यावर आडवं केलं, प्लग लोखंडाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी उडाली. "दिसली? पटलं?"

निवांतरावानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. झाडाखाली त्याची स्वतःची आई बसलेली, दोर ताणाखाली गुणगुणतोय, आणि हा माणूस आधी डावी काच पुसतोय, मग उजवी. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यानं विचारलं, "दाजी, दोरी ओढताना तुमचा पाय कुठे होता?"

"कुठे म्हणजे? मुठीत. जिथे असतो तिथे."

"आणि ठिणगी बघताना?"

ठिणगी बघताना पाय कशाला लागतोय?

"माझ्याकडे मशीन आणतात ना," तो म्हणाला, "ते सांगतात, दोरा तुटतो, टाका सुटतो. मी म्हणतो, शिवून दाखवा. आणि सुईकडे बघत नाही, पायाकडे बघतो. निम्मा बिघाड तिथे असतो." सगळं त्याच्या ठरावीक संथ चालीत. "आपण ठिणगी जमिनीवर बघू. पाय ठेवून."

मशीन जमिनीवर ठेवलं. मुठीत बूट घालून दाबला. त्यानं प्लग कोरड्या फडक्यानं धरून लोखंडाला टेकवला. मी दोरी ओढली.

ठिणगी नाही.

"पाय काढा."

पाय काढला, पुढची मूठ तेवढी हातानं दाबून धरली, ओढली. निळी ठिणगी.

"पाय ठेवा."

नाही.

मी खरंच घाबरलो, भूत बघितल्यासारखा. वीस वर्षांत मी हजारदा ठिणगी बघितली असेल, आणि दरवेळी आडवं टाकून. दरवेळी सुरू करताना मात्र पाय देऊन. दोन्हींत फरक आहे हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं, आणि सुयांच्या माणसाला ते तीनदा बघून कळलं.

त्यानं मागच्या मुठीवरचं झाकण उघडलं. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघता निघेना. निघाला तेव्हा इतरांपेक्षा बोटभर नाही, पण नखभर नक्की लांब होता. मी तो ओळखला. मागच्या आठवड्यात मूठ उघडून साफ करताना मूळ स्क्रू गवतात पडला होता. कोण शोधत बसणार? खिशातला एक सापडला तो दामटला होता. त्याच्या टोकाखाली एक बारीक वायर चेमटली होती, आणि हादऱ्यांनी तिचं कातडं झिजून आतलं तांबं दिसत होतं.

"ही बंद करायच्या बटणाची वायर," निवांतराव म्हणाला. "ती लोखंडाला टेकली की मशीन बंद होतं. बटण तेवढंच काम करतं. ही मूठ रबरावर बसवलेली असते, दाबली की जराशी खाली जाते. दोऱ्याइतकी. तेवढ्यात तांबं टेकतं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हातानं सुरू करत होतात, दाजी, आणि पायानं बंद करत होतात."

टेप काढली, वायरीला दोन वेढे दिले, ती तिच्या खोबणीत परत बसवली. डबीतून एक आखूड स्क्रू घेऊन लावून बघितला. बसेना. दुसरा बसेना. वाऱ्याचा एक झोत आला, निलगिरी वरपासून खालपर्यंत हलली, आणि माझ्या तोंडून "अरे आता राहू दे तो तिसरा!" असं निघालं. त्यानं मान वर केली नाही. तिसरा बसला. तो त्यानं बोटानं हलवून बघितला, मगच मशीन माझ्याकडे सरकवलं.

"चोक लावू नका. आत पेट्रोल तुंबलंय."

पहिल्या ओढीला खोकलं. दुसऱ्या ओढीला धूर. तिसऱ्या ओढीला असं गरजलं की बायकोनं टाळी वाजवली. पाच मिनिटांत मी उरलेलं कापलं आणि दुसरी पाचर ठोकली. झाड किंचित थांबलं, मग दोराच्या मागे मागे मोकळ्या जागेत जाऊन आडवं झालं. घराच्या एका कौलालाही धक्का लागला नाही. वीस वर्षांतलं माझं सगळ्यात देखणं काम ते, आणि ते माझं नव्हतं.

सासूबाईंनी कडी काढली. चहा टाकलेलाच होता. आम्ही आत जाऊन बसलो तशी त्यांनी लेकाला विचारलं, "काय झालं होतं रे मशीनला?"

"वायर झिजली होती," तो म्हणाला. "जुनं मशीन. झिजते."

त्याची मूठ मिटलेली होती. तो लांब स्क्रू त्याच मुठीत होता, मला ठाऊक होतं. तो हळूच खिशात टाकणार आणि पुन्हा त्याचं नावही काढणार नाही, हेही ठाऊक होतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

"दे तो इकडे," मी म्हणालो. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी त्याची बोटं उघडली, स्क्रू काढला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. "आई, मशीन जुनं नाही. घाईत मी हा चुकीचा स्क्रू लावला होता. त्यानं वायर चेपली. तुमच्या डोक्यावर झाड टांगलं ते मी, आणि काढलं ते यानं."

सासूबाईंनी स्क्रू उचलून उजेडात धरला, परत ठेवला. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. आधी त्याचे हात बघा."

तेव्हा मी बघितलं. मघाशी वायरीला मोजून दोन वेढे देणारे ते हात आता लटलट कापत होते. कप उचलायला गेला तर बशीत चहा सांडला. त्यानं हात मांडीखाली दडवले आणि ओशाळून हसला.

"अरे, मग मघाशी?" मी विचारलं.

"आई आत होती, दाजी," तो म्हणाला. "एकदा चुकलो असतो तर पुन्हा बघायला वेळ नव्हता."

वीस वर्षं मी या माणसाला वेळेची किंमत नाही म्हणत आलो होतो. मला भडभडून आलं, आणि ते लपवायला मी त्याचा कप उचलला, त्याच्या तोंडाशी धरला आणि तसाच धरून ठेवला. तो फुंकर घालून घोट घेत होता. एक घोट, मग जरा थांबून दुसरा. चहा संपायला बराच वेळ लागला, आणि मी कप हलू दिला नाही.