सतराव्या क्रमांकाचा पूल

नकाशा-कचेरीच्या जाझगुलने पुलाच्या कठड्याला फीत लावली, लांबी वहीत टिपली आणि फीत गुंडाळली. सरोवराभोवतालचं सगळं नकाशावर आलं होतं: वाटा, झरे, मेंढवाडे, विजेचे बारा खांबसुद्धा. राहिला होता ओढ्यावरचा हा लाकडी पूल. उद्या काम बंद होणार होतं, आणि नाव मिळालं नाही तर पूल नकाशात 'क्रमांक सतरा' म्हणून जाणार होता.

नाव ठाऊक असलेली बुरमाकान आपा शेजारीच बसून कातडी बुधल्यात घोडीचं दूध घुसळत होती. पूल तिच्या नवऱ्याने बांधलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा. दर वसंतात तो वाहून जायचा आणि नवरा कंबरभर गार पाण्यात उतरून पुन्हा उभा करायचा. शेवटचा त्याने इतका पक्का बांधला, की तो अजून टिकून होता; नवरा मात्र चार वर्षांपूर्वी वारला. त्याला ओळखणारे मेंढपाळही पांगले. नवे लोक नुसतं 'पूल' म्हणत. कचेरीचा नियम असा, की नाव तिथल्याच माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रण यंत्रावर घ्यायचं. इथे तर आपाने त्रेपन्न वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, ही तिथली रीत. आपाच्या खमक्या सासूने त्या यादीत आपला लेकही बसवून टाकला होता.

"लिहून देते की," आपा म्हणाली.

"लिहिलेलं चालत नाही, आपा."

"मग सांग तुझ्या कचेरीला, आमच्या म्हाताऱ्याचा पूल."

"म्हातारे काय, घरोघरी आहेत."

आपा हसली खरी, पण तिचे हात थांबले. तेवढ्यात पलीकडून एक घोडेस्वार आला आणि पूल ओलांडून गेला. पायाखालच्या फळ्यांकडे त्याने पाहिलंही नाही. आपाला ते फार लागलं.

"चालू कर ते तुझं," ती म्हणाली. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि सरोवराकडे तोंड केलं. पहिल्यांदा नुसतेच ओठ हलले.

"तुर्दुबेक," ती पुटपुटली. "तुर्दुबेकचा पूल."

पंचाहत्तरीची बाई कानापर्यंत लाल झाली. जाझगुलला भरून आलं. यंत्रात आवाज स्वच्छ उमटला होता आणि तिने नाव वहीत लिहूनही टाकलं होतं.

"नीट आलं नाही, आपा," ती म्हणाली. "आणखी एकदा घ्या."

आपाने वहीतल्या ओल्या शाईकडे पाहिलं, मग जाझगुलकडे.

"तुर्दुबेक," ती म्हणाली, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.