सुबरावाच्या रानातली वाट

कणेरवाडीच्या हॉल्टवर सकाळची पॅसेंजर जेमतेम थांबते. मच्छे गावच्या कारखान्यांत आणि बेळगावच्या दुकानांत कामाला जाणारं निम्मं गाव त्या गाडीवर जगतं. गावातून हॉल्टला जाणारी सरळ वाट सुबरावाच्या रानातून होती. पंचायतीच्या निवडणुकीत सुबराव पडला आणि लगेच त्यानं त्या वाटेवर काटेरी तार ओढली. माझ्या रानातनं जायचं आणि मत दुसऱ्याला द्यायचं, हे चालायचं न्हाय, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. लोकांना नाल्याकडून वळसा पडू लागला. रोज कुणाची तरी गाडी चुकायची. खाडे पडून पडून गावातल्या भरमूची तर नोकरीच गेली.

तारेला एक लहान फाटक होतं. त्याची किल्ली सुबरावाच्या सुनेकडे, मंजुश्रीकडे. ती वडगावच्या विणकराची मुलगी. बेळगावात एका दवाखान्यात नर्स. सासऱ्यानं किल्ली दिली तेव्हा तिनं ती पर्समध्ये टाकली होती. बाकीच्या बायका धापा टाकत यायच्या, ती आधीच फलाटावर उभी असायची. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. डब्यात ती दिसली की मुद्दाम पसरून बसायच्या.

एका सोमवारी गाडी आली तेव्हा भरमूची बायको मंगल डब्याच्या दारात वाट अडवून उभी राहिली. मंजुश्रीनं दांडी धरली. मंगलनं तिची बोटं एकेक करून सोडवली. गाडी हलली, तशी मंजुश्री फलाटावर आदळली. गुडघा फुटला. खिडक्यांतून बायका बघत राहिल्या.

ती लंगडत घरी आली. सुबरावानं गुडघा पाहिला, कोण होतं ते विचारलं आणि तार आणखी उंच करतो म्हणाला. मंजुश्रीनं सोप्यातली पक्कड उचलली. नवरा नागराज दारातच उभा होता. त्यानं अडवलं नाही, सोबतही आला नाही. रानात जाऊन ती तारा तोडू लागली. सुबराव मागोमाग आला.

"ज्यांनी तुला पाडलं त्यांच्यासाठी करतीस व्हय?"

"त्यांच्यासाठी न्हाय, मामा. मला रोज त्यांच्याच डब्यातनं जायचंय."

"उद्या परत बांधतो."

"बांधा. मी परत तोडणार."

सुबरावानं पक्कड हिसकावून घेतली, पण तोवर वाट मोकळी झाली होती. त्या दिवसापासून त्यानं तिच्या हातचं खाणं सोडलं.

दुसऱ्या सकाळी सगळं गाव त्या वाटेनं आलं. मंजुश्रीशी कुणी बोललं नाही. फलाटावर मंगल तिच्यासमोर येऊन थांबली.

"हे आदी का केलं न्हाईस गं? माझ्या नवऱ्याची नोकरी गेली."

गाडी आली. मंगल चढली, तिच्यामागं मंजुश्री चढली आणि तिच्या समोरच्याच बाकावर बसली. बेळगाव येईपर्यंत दोघी एकमेकींकडं बघत होत्या. नजर कुणीच खाली घेतली नाही.