केवढी मोठी दिसते तुही माय

राजपाल दारू प्यायला लागलाय, अशी निताची खात्रीच झाली होती. पेल्यात पाणी ओतायला गेला की धार पेल्याच्या बाहेर. बशी ओट्यावर ठेवायला जावं, तर काठावरून खाली. दिवाळीनंतर जीपची डावी बाजू दोनदा घासून आणली आणि दोन्ही वेळा दोष बैलगाडीवाल्याचा. विचारलं की म्हणायचा, "खर्रा खातो, तेवढाच. बाकी कशाले हात लावत नाई." पण चोराच्या मनात चांदणं; बोलताना तो नजर चुकवायचा.

शेवटी तिने निक्षून सांगितलं होतं, एकदा जरी वास आला तर पोरगी घेऊन मी किन्हीराजाला, माहेरी. बोलून बसली खरी, पण जायचं तिलाही नव्हतं. नवरा वाईट नव्हता. शेलूबाजार ते मंगरूळपीर जीप चालवायचा, कमाई घरी आणायचा, पोरीवर जीव टाकायचा. असा माणूस बाटलीपायी हातचा जाणार, या विचाराने तिला रडू यायचं.

अशात वाशीमच्या मैदानावर पत्र्याचा मंडप टाकून अजब चित्रांचं म्युझियम आलं. चौथीतल्या स्नेहाने हट्ट धरला आणि रविवारी तिघं आपल्याच जीपने निघाली.

आत भिंतीभर चित्रं. वाघाच्या जबड्यात डोकं घाला, फोटो काढा. धबधब्याखाली छत्री धरा, फोटो काढा. पुढे फरशीवर एक खोल दरी रंगवलेली, तिच्यावर रंगवलेलीच एक फळी. स्नेहाने सरळ दरीत उडी मारली. निताही गेली, जवळून पाहिलं तर नुसता सपाट रंग. राजपाल मात्र काठावर थबकला. नाल्याचं पाणी चाचपावं तसा एक पाय पुढे करून पाहायला लागला. मागचे लोक हसले.

"चला की हो, रंग हाये तो!" निता दात-ओठ खात म्हणाली. मग परत येऊन तिने हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. सुपारी आणि तंबाखू, दुसरं काही नाही. आता बिनवासाचीही मिळायला लागली की काय, असं तिच्या मनात आलं.

शेवटी होती वाकडी खोली. एकाने आत कोपऱ्यात उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून भिंतीच्या भोकाला एक डोळा लावायचा. आतलं माणूस छताला टेकल्यासारखं दिसतं, असं तिथल्या बाईने समजावून सांगितलं. रांगेतला पुढचा माणूस आतल्या बायकोला पाहून ओरडला, "बापरे, केवढी मोठी दिसून राह्यली!"

"माय, तू आत जाय," स्नेहाने फर्मावलं. निता निघाली, पण दारातच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन ती मागे वळली आणि दोघांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तोवर राजपाल भोकापाशी वाकला होता.

"बाबा, एक डोळा मिटा. तुमाले मिटताच येत नाई!" स्टुलावर चढलेल्या स्नेहाने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरला.

राजपाल क्षणभर तसाच राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "अरे बाप्पा! केवढी मोठी दिसते तुही माय!"

खोली रिकामी होती.

"माय तं तुमच्या मांगं हाये!" स्नेहा खिदळली. राजपालने चटकन वळून हसण्यावारी नेलं, "गंमत केली वं." पण हसू जरा उशिरा आलं होतं. निता हसली नाही. पेला, बशी, जीपची डावी बाजू, सगळं तिच्यासमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं. ती त्याच्या डाव्या अंगाला सरकली आणि हातातली चप्पल तिने त्याच्या गालापर्यंत उगारली. लोक चपापले. कुठल्याही नवऱ्याने मान मागे घेतली असती. राजपालची पापणीसुद्धा हलली नाही.

"कवापासून?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"सोयाबीनच्या मळणीत कुटार उडालं डोळ्यात. पह्यले धुरकट दिसे. आता काईच नाई."

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू जीप चालवू देल्ली असती?"

दारूच असती तर बरं झालं असतं, निताला वाटलं. ती सोडवता तरी आली असती. मग तिला जीपमध्ये कोंबलेली माणसं आठवली, मागे लटकणारी शाळेची पोरं आठवली. सकाळी येताना स्नेहा पुढे बसली होती, डाव्या बाजूला, खिडकीशी.

"किल्ली द्या," तिने हात पुढे केला. "गाडी इथंच राहू द्या. उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ. आज यस्टीनं."

"अंधार पडाच्या आत पोचतो ना वं..."

हात तसाच होता. राजपालने खिशातून किल्ली काढली, तिच्या हातावर म्हणून सोडली. किल्ली तळहाताच्या वीतभर अलीकडे, मातीत पडली.

"बाबाले देता बी येत नाई," म्हणत स्नेहाने ती उचलून आईला दिली. निताने मूठ मिटली. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती बसस्टँडपर्यंत चालत गेली, आणि यस्टीत राजपालच्या डाव्या बाजूला बसली.