मागच्या दाराचं कुलूप

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रीची चौतीस वर्षं गेली. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली किती माणसं त्यानं बाहेर काढली, याला गणती नाही. आणि निवृत्त झाल्यावर कोंडली कोण, तर त्याचीच बायको, त्याच्याच मोटारीत.

तिचा एक गुडघा वाकत नाही, म्हणून ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसते. त्या दिवशी मिस्त्री औषधं आणायला उतरला. गाडी भिंतीला चिकटून लावलेली, त्यामुळे तिकडचं दार उघडायला जागा नाही. इकडच्या दाराचं कुलूप नेमकं तेव्हाच अडून बसलं. दुकानात रांग होती. वीस मिनिटं ती काचेआड बसली आणि येणारेजाणारे वाकून बघत राहिले. मिस्त्रीनं येऊन गाडी पुढे घेतली तेव्हा ती उतरली, ती परत गाडीत बसलीच नाही.

दर गुरुवारी दोघं तिच्या थोरल्या बहिणीकडे जायची. नंतरचे तीन गुरुवार ती एकटीच बसनं गेली, दुखरा पाय ओढत. मिस्त्री घरी खिडकीशी बसून राहिला. उद्या चौथा गुरुवार होता.

त्यानं नवं कुलूप आणलं आणि घरापुढेच काम काढलं. काच वर घेतली, दाराच्या आतलं आवरण उचकटलं, त्यामागचा प्लास्टिकचा कागद सोलला. कडेचे तीन स्क्रू काढले. जुन्या कुलपाची स्प्रिंग तुटलेली निघाली. नवं बसवून स्क्रू आवळले. हँडलांकडून येणाऱ्या दोन सळ्या तेवढ्या जोडायच्या होत्या, पण एक क्लिप मातीत पडली. ती शोधायला चष्मा हवा, म्हणून तो घरात गेला.

लिफ्टच्या कामात दारात लाकडी पाचर ठोकल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. घरच्या गाडीला कसली पाचर, असं त्याला वाटलं.

बायकोला मात्र उघडं दार बघवत नाही. कपाट असो, फाटक असो, जाता जाता ढकलणारच. ती कपडे वाळत घालायला आली आणि गाडीचं दारही तिनं कोपरानं लोटलं. खट्.

"अगं, काय केलंस! सळ्या जोडल्या नाहीत अजून. आता ते ना आतून उघडायचं, ना बाहेरून."

"मग दारं सताड टाकून जाता कशाला?"

मिस्त्री दुसऱ्या दारानं आत सरकला. दाराच्या पत्र्यातल्या भोकात हात घातला, तो मनगटापाशीच अडला. दोनदा खरचटून घेतलं. मग बाहेर येऊन तो मनगट चोळत राहिला.

"माझा हात जाईल," बायको म्हणाली. "पण हे उघडं दार धरून उभं राहायचं. हलायचं नाही."

"नाही हलत."

ती पाय सांभाळत सीटवरून सरकली. भोकात हात घातला. तिचा श्वास भराभर चालला होता.

"घाबरू नका, माणूस बाहेरच उभा आहे," मिस्त्री जुन्या सवयीनं बोलून गेला.

"मला अहो-जाहो करताय? मी काय तिसऱ्या मजल्यावर अडकलेय?"

"बोटाएवढी पट्टी लागतेय का?"

"लागली. गार आहे."

"खाली दाब. अजून जोरात."

दार उघडलं. तरी मिस्त्रीनं धरलेलं पलीकडचं दार सोडलं नाही. बायको उतरली नाही. "त्या सळ्याही मीच जोडते," ती म्हणाली. "तुमचा पंजा आत जायचा नाही."

मग तो गुडघ्यावर बसून सांगत गेला आणि ती जोडत गेली. चष्मा लावून त्यानं मातीतून शोधलेली क्लिपही तिनंच दाबून बसवली. दार उघडंच ठेवून त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं कुलपाची जीभ दहा वेळा फिरवून बघितली.

"आता लांब व्हा," ती म्हणाली.

तिनं दोन्ही दारं आतून लावून घेतली. आतलं हँडल ओढलं, दार उघडलं. परत लावलं, परत उघडलं. मिस्त्री हात पुसत बघत होता. सहाव्या वेळी ती खाली उतरली.

"बस नऊची असते," ती कपड्यांची बादली उचलत म्हणाली. "उद्या साडेनऊला निघालो तरी चालेल."