तिघांची अमावास्या

राघोबा शिंप्याने कापलेले दोन तुकडे एकमेकांवर ठेवले, कडेने बोटं फिरवली आणि चूक त्याच्या ध्यानात आली. रामाचार्य मास्तरांच्या कोटाचे दोन्ही पुढचे भाग डाव्याच बाजूचे कापले गेले होते. कापडाला उलट-सुलट होतं, त्यामुळे एक पालथा घालूनही भागणार नव्हतं.

चूक का झाली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खडूची रेघच दिसेनाशी झाली होती. बीदरच्या डॉक्टरने डोळे तपासून, इलाज नाही म्हणून मान हलवली होती. बायको राजूबाई घरूनच सुया ओवून द्यायची, तेही कुणाला न कळता. आंधळ्या शिंप्याच्या हाती लग्नाचं कापड कोण देणार?

त्या दिवशी अमावास्या होती, भालकीचा बाजार बंद. अमावास्येला वीरभद्रप्पाच्या कापडदुकानात तिघं जमायचे. हैदराबाद संस्थानात फौज शिरली त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी जिवाच्या भीतीने वीरभद्रप्पा, चोळ्या शिवणारी नागूबाई आणि राघोबा याच दुकानात दार लोटून बसले होते. ती भीती सरली, बसणं मात्र राहिलं. धंद्यात कुठं अडलंय ते एकेकाने सांगायचं, बाकी दोघांनी वाट शोधायची आणि गोष्ट दाराबाहेर न्यायची नाही. मोठ्या पेढ्यांना मुनीम असतात, वकील असतात. यांना हे तिघंच. पण लाभ झाला होता. संस्थान गेल्यावर शेरवान्यांचं काम आटलं तेव्हा कोट शिकायला या दोघांनीच राघोबाला हैदराबादला पिटाळलं होतं. वीरभद्रप्पाचे पडून राहिलेले तुकडे नागूबाईच्या चोळ्यांमुळे खपू लागले होते.

आणि अशा माणसांशी राघोबा गेल्या दोन अमावास्या खोटं बोलला होता. मशीन जड चालतंय, म्हणाला होता. त्याचं मशीन वीरभद्रप्पाच्याच ओट्यावर होतं. खरं सांगितलं तर ते उचलायला लागेल, अशी त्याची धास्ती.

"मशीन कसं हाय आता?" वीरभद्रप्पाने विचारलं.

"बरं हाय. पण मास्तराचं कापड उंदरानं कुरतडलं. दुसरं लागतंय."

"बगू," म्हणत नागूबाईने त्याच्या काखेतलं गाठोडं ओढून सोडलं. दोन्ही तुकडे तिने उलटून पाहिले. "राघोबाअण्णा, उंदरानं दोन्ही डावेच कापले का?"

राघोबाने तुकडे चाचपून परत गाठोड्यात टाकले. "मला दिसंना झालंय," तो म्हणाला आणि खाली मान घालून बसला.

"अन् मी दोन महिने मशीनला तेल घालायलोय!" वीरभद्रप्पा ओरडला. "आमाला कामून सांगितलं न्हाईस? आमाला भ्यायलास व्हय?"

"व्हय. भ्यायलो."

मग वीरभद्रप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "जे गेलं ते गेलं. राहिलं काय ते सांग."

"माप. अंगाला हात लावला की कळतंय, खांदा उतरता हाय का, पाठीला बाक हाय का."

"मग माप तुमचं, कात्री माजी," नागूबाई म्हणाली. "मला कुटं आकडे येतेत? दोरीला गाठी मारूनच मी माप घेते. तुमी गाठी मारा, मी कापते. शिवण तर तुमच्या हातात बसल्याली हाय."

"अन् लोकं?" राघोबाने विचारलं.

"लोकांना मी सांगतो," वीरभद्रप्पा म्हणाला. "लपवून धंदा न्हाई करायचा. नवीन कापड दुकानातून घे."

चार दिवसांनी मास्तर आले. वीरभद्रप्पाने त्यांना सगळं सांगितलं. राघोबाचा जीव टांगणीला लागला. मास्तर आता कापड उचलून चालते होणार, असंच त्याला वाटत होतं. मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढून ठेवलं आणि हात पसरले. राघोबाने दोरी लावली, एकेक गाठ मारली आणि ती नागूबाईकडे दिली.

तीस वर्षांत त्याने आपली कात्री पोटच्या पोरालाही धरू दिली नव्हती. ती आता नागूबाईच्या हातात होती. इतकं भारी कापड तिने कधी कापलं नव्हतं. कात्री कापडावर टेकली, पण काप पडल्याचा आवाज त्याला आला नाही.

"काप," राघोबा म्हणाला. "मी बसलोय की हितं."

पहिला काप पडला. राघोबाने मांडीवरच्या दोन्ही मुठी घट्ट मिटल्या आणि कात्री सरळ चालली आहे ना, ते ऐकत राहिला.